आठव्या हेन्रीने पोपशी फारकत का घेतली? (दुसऱ्या बायकोचं, अ‍ॅन बोलिनचं, नाव न घेता सांगा बरं)

थेम्सकाठी

मी इंग्लंडात रेडिंगला राहतो. ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर जुन्या मठाचे अवशेष आहेत. ऊन पडलं की डबा घेऊन तिथेच जातो. भिंती विचित्र दिसतात. चुन्यात घट्ट बसलेली नुसती गारगोट्यांची भर, जणू कातडं सोलून ठेवलंय. वरचा घडीव दगड लोकांनी काढून नेला, पोटातली भर तेवढी राहिली. नोव्हेंबर १५३९ मध्ये इथल्या शेवटच्या मठाधिपतीला, ह्यू फॅरिंग्डनला, राजद्रोहाच्या आरोपाखाली इथेच रेडिंगात फासावर चढवलं. शेवटपर्यंत तो हेन्रीच्या चांगल्या ओळखीतला होता म्हणतात.

लेकीला सध्या शाळेत ट्यूडर घराणं चालू आहे. परवा म्हणाली, "बाबा, राजाला दुसरं लग्न करायचं होतं, पोप नको म्हणाला, म्हणून राजाने स्वतःचं चर्च काढलं." मी हो म्हणून मोकळा झालो, पण मग डोक्यात किडा वळवळायला लागला.

खिशातलं नाणं काढून बघा (इथले असाल तर). राजाच्या नावापुढे 'एफ. डी.' अशी अक्षरं आहेत. फिदेई डिफेन्सॉर, म्हणजे श्रद्धेचा रक्षक. १५२१ मध्ये हेन्रीने पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या लूथरच्या विरोधात पुस्तक लिहिलं म्हणून पोप दहाव्या लिओने दिलेली ही पदवी. पोपला घालवलं, पदवी ठेवून घेतली, आणि ती पाचशे वर्षांनी आजच्या राजा चार्ल्सच्या नाण्यावरही आहे. हा काही मुळातला बंडखोर माणूस नाही.

बरं, पोप राजेलोकांना कधी नाहीच म्हणायचे असंही नाही. फ्रान्सच्या बाराव्या लुईला १४९८ मध्ये पहिल्या बायकोतून मोकळं केलं. खुद्द हेन्रीची बहीण मार्गारेट, स्कॉटलंडच्या राजाची विधवा, तिचं दुसरं लग्न १५२७ मध्ये रद्द झालं, आणि तेही याच सातव्या क्लेमेंट पोपच्या काळात! मग भावाच्याच वेळी गाडं अडलं कुठे?

माझं मत असं की लग्न हे निमित्त. खरा प्रश्न होता शेवटचं अपील कुठे चालणार. १५३३ चा कायदा वाचलात तर त्यात बाईचा विषयच नाही. इंग्लंड हे 'साम्राज्य' आहे, इथला वाद इथेच मिटेल, रोमला कोणी जायचं नाही, असा त्याचा सूर आहे. आणि ज्या राजांना चर्चवरचा ताबा आधीच वाटाघाटीत मिळाला होता त्यांनी फारकत घेतली नाही. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसने १५१६ मध्येच बोलोन्याचा करार करून बिशप नेमायचा हक्क पदरात पाडून घेतला. त्याला भांडायची गरज काय?

मतं येऊ द्या.

शंकेखोर

निमित्त? माणसाने पुढे एकूण सहा लग्नं केली हो, दोघींची मुंडकी उडवली. आणि तुम्ही अपिलाच्या कोर्टाचं सांगताय. वकील आहात का?

(धागा छान आहे, पण. कोपरा धरून बसलोय.)

वसईची_बावखल

एक दुरुस्ती, कारण आम्हा वसईकर कॅथलिकांना हे लहानपणापासून घोटवलेलं असतं. हेन्रीने घटस्फोट मागितलाच नव्हता. ख्रिस्तसभेत घटस्फोट नाही. त्याने मागितला तो निवाडा असा, की हे लग्न मुळात झालंच नव्हतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्याची पहिली बायको कॅथरीन, ती आधी त्याच्या मोठ्या भावाची, आर्थरची, बायको. १५०१ च्या नोव्हेंबरात लग्न, १५०२ च्या एप्रिलमध्ये आर्थर गेला. दोघंही सोळाच्या आतबाहेर. भावाच्या विधवेशी लग्न करायला नियमाने आडकाठी, म्हणून पोप दुसऱ्या ज्युलियसने खास सूट दिली आणि १५०९ मध्ये लग्न लागलं. आता हेन्री म्हणतो की ही सूट द्यायचा अधिकार पोपला नव्हताच. कारण बायबलच्या लेवीय या पुस्तकात, २०:२१ मध्ये, भावाची बायको केलीस तर निपुत्रिक राहशील असं लिहिलंय, तो देवाचा कायदा, पोप तो मोडू शकत नाही. आता पंचाईत बघा. बायबलच्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, २५:५ मध्ये, नेमकं उलट, भाऊ निपुत्रिक मेला तर दिराने वहिनीला पदरात घ्यावं. आणि कॅथरीन शपथेवर सांगते की आर्थरशी माझा संबंधच आला नव्हता.

थेम्सकाठी, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर इथेच आहे. मार्गारेटच्या वेळी पोपला फक्त एका जोडप्याबद्दल बोलायचं होतं. हेन्रीच्या वेळी आपल्याच गादीवर बसलेल्या आधीच्या पोपने अधिकाराबाहेर जाऊन सही केली असं कबूल करायचं होतं. आणि तेही लूथर बाहेर बोंबा मारत असताना! हेन्री थोडं कमी मागता, म्हणजे सुटीच्या कागदात तांत्रिक चूक आहे एवढंच म्हणता, तर कदाचित जमलं असतं. हेन्रीचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्झी, त्याचा कल तसाच होता म्हणतात.

नाना_खतावणी

सगळे धर्मशास्त्रात शिरले. अहो, पैसा बघा पैसा. मठ खालसा केले, आठशेच्या आसपास. आधी १५३६ मध्ये वर्षाला दोनशे पौंडांच्या आतलं उत्पन्न असलेले, मग मोठे. छपरांवरचं शिसंसुद्धा वितळवून विकलं. नवा बिशप गादीवर बसला की पहिल्या वर्षाची मिळकत रोमला जायची, ती बंद केली. बिचाऱ्या बिशपांना वाटलं सुटलो. १५३४ मध्ये तीच रक्कम राजाला द्यायची असा कायदा आला, वर दरसाल दशांश वेगळा.

आयुष्यभर जमाखर्च लिहिलेला माणूस आहे मी. कोण कुणाशी का भांडलं हे कळत नसेल तर भांडणानंतर कुणाच्या खात्यात काय जमा झालं ते बघायचं.

थेम्सकाठी

नाना, हिशेब बरोबर, पण तारखा जुळत नाहीत. फारकत १५३३-३४ ची, मठांवर धाड १५३६ पासून. कारण आधी यायला हवं ना?

दुसरं म्हणजे मठ बंद करायला पोपशी भांडावं लागत नव्हतं. कार्डिनल वुल्झीने १५२० च्या दशकात जवळपास तीसेक छोटे मठ बंद करून ऑक्सफर्डच्या आपल्या कॉलेजला पैसा वळवला, तो पोपच्या परवानगीने! ते कागदपत्र हाताळणारा कारकून कोण, तर टॉमस क्रॉमवेल. पुढे त्याच माणसाने राजासाठी सगळे मठ उरकले. शिकवणी पोपच्याच शिक्क्याखाली झाली म्हणायची.

नाना_खतावणी

हे वुल्झीचं माहीत नव्हतं. बरं, कारण नसेल, पण भूक तर होती. १५३१ मध्येच चर्चवाल्यांना रोमच्या अधिकाराखाली कोर्ट चालवल्याबद्दल दंड ठोकला होता, एकट्या कँटरबरी प्रांताला एक लाख पौंड. फारकतीच्या आधी. हे तरी मान्य करा.

थेम्सकाठी

मान्य. हा दंड विसरलो होतो. मात्र तो दंड घेताना राजाने पैशासोबत एक वाक्यही लिहून घेतलं, की राजा हा चर्चचा प्रमुख आहे. पाद्र्यांनी हळूच शेपूट जोडलं, 'ख्रिस्ताचा कायदा मुभा देईल तिथवर'. १५३४ मध्ये शेपूट गळालं.

मुक्ता१९

तुम्ही दोघं एवढे गुंतलात की जिच्यावरून हे सगळं झालं ती भीती कुणी लिहिलीच नाही. वारस. कॅथरीनची किमान सहा बाळंतपणं, जगली ती एकटी मेरी. १५११ च्या १ जानेवारीला मुलगा झाला होता, लंडनभर होळ्या पेटवल्या, बावन्न दिवसांत गेला. हेन्रीच्या बापाने गादी मिळवली ती १४८५ मध्ये रणांगणावर. म्हणजे हे घराणं तिथे कालचं. मुलगी गादीवर बसली तर काय होतं याचा इंग्लंडला एकच अनुभव होता, बाराव्या शतकातला. पहिल्या हेन्रीचा एकुलता औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून गेला. मग राजाने सरदारांकडून मुलीसाठी, माटिल्डासाठी, शपथा घेतल्या. ११३५ मध्ये तो मेला आणि शपथा हवेत विरल्या. त्याचा भाचा स्टीफन गादीवर बसला आणि जवळपास वीस वर्षं यादवी माजली.

आणि थेम्सकाठी, तुम्ही डबा खाता तो मठ कुणी बांधला हे लिहायचं राहिलं की! याच पहिल्या हेन्रीने, मुलगा बुडाला त्याच्या पुढच्याच वर्षी, ११२१ मध्ये. तिथेच पुरलंय त्याला. मागे फक्त मुलगी राहिली तर राज्याचं काय होतं याचा पुरावा त्या वेदीपुढे निजला होता, आणि तीच वेळ आपल्यावर येईल म्हणून घाबरलेल्या आपल्या आठव्या हेन्रीने वरचं छप्पर उतरवलं.

शंकेखोर

मुक्ताताई, अंगावर काटा आला. कोपऱ्यातून उठलो.

पण मग विनोद असा की एवढं सगळं करून १५३३ च्या सप्टेंबरात झाली मुलगीच, एलिझाबेथ. आणि तिनेच ४४ वर्षं राज्य केलं.

थेम्सकाठी

मुक्ताताई, शरमेने सांगतो, तीन वर्षं तिथे बसतोय, हे दोन धागे कधी जोडले नाहीत. उद्या नीट बघून येतो.

तोवर पोपची बाजूही लिहितो, तो उगाच खलनायक होतोय. ६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या, पगार थकलेल्या फौजेने रोम लुटलं. पोप किल्ल्यात कोंडला गेला. आणि १७ मे ला, बरोब्बर अकरा दिवसांनी, लंडनमध्ये वुल्झीने हेन्रीच्या लग्नाची गुपचूप चौकशी सुरू केली. तोवर रोमची बातमी तिथे पोचलीही नव्हती! आणि चार्ल्स कोण? कॅथरीनचा सख्खा भाचा.

वर्षाअखेर पोप निसटून ऑर्व्हिएतोला गेला. तिथे १५२८ मध्ये हेन्रीचे वकील पोचले. त्यांनी लिहून पाठवलंय की पोपच्या खोलीपर्यंत जाताना तीन दालनं लागली, भिंतींवर पडदे नाहीत, छत खाली आलेलं, आणि पोपच्या बिछान्यासकट सगळं सामान वीस मोहरांचंही नसेल. अशा माणसाकडून तुम्ही सम्राटाच्या मावशीविरुद्ध निवाडा मागताय. तो बिचारा 'बघू', 'करू', 'कमिशन पाठवतो' करत राहिला. १५२९ च्या जूनमध्ये त्याने चार्ल्सशी तह केला, त्याच्या मेदिची घराण्याला फ्लॉरेन्स परत मिळायचं होतं. जुलैत लंडनचा खटला रोमला ओढून घेतला. निकाल आला मार्च १५३४ मध्ये, लग्न वैध म्हणून. तोवर हेन्रीचं दुसरं लग्न होऊन मुलगी रांगायला लागली असेल.

मधल्या काळात हेन्रीने काय केलं, तर पॅरिस, बोलोन्या, पादुआच्या विद्यापीठांकडून आपल्या बाजूने मतं लिहून आणली. आपल्याकडे काशी-पैठणच्या शास्त्र्यांकडून निर्णयपत्र आणायचे तसं. दक्षिणेसकट.

उत्तरेचा_वारा

मी स्वीडनमध्ये, वेस्टेरोसला. इथल्या राजाचं प्रकरण पुढे करतो, कारण त्यात लग्नाचा मामलाच नाही.

गुस्ताव वासा. १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या राजाने स्टॉकहोममध्ये ऐंशीच्या वर माणसं कापली, त्यात गुस्तावचा बाप. कशाच्या आधारावर? आर्चबिशप गुस्ताव ट्रोले याने त्यांच्यावर पाखंडाचा आरोप ठेवला म्हणून. गुस्तावने डालार्नाच्या शेतकऱ्यांना उठवलं आणि १५२३ मध्ये राजा झाला. ट्रोले पळाला. आणि पोपचं म्हणणं, ट्रोलेला परत गादीवर घ्या! बापाच्या मारेकऱ्याला. गुस्तावने साफ कळवलं की हे होणार नाही, वेळ पडली तर आमचे बिशप आम्ही तुमच्याशिवाय करू. म्हणजे थेम्सकाठींचं 'कोण नेमणार' इथे जास्त स्पष्ट दिसतं.

पण नाना, तुमच्यासाठीही आहे. बंडासाठी ल्युबेकच्या व्यापाऱ्यांचं कर्ज डोक्यावर, तिजोरीत खडखडाट. देशाची साधारण पाचवा हिस्सा जमीन चर्चची, राजाची त्याच्या पावपट असेल नसेल. १५२७ मध्ये इथेच, वेस्टेरोसच्या सभेत, राजाने रडून राजीनामा दिला. 'माझे पैसे परत द्या, मी चाललो.' तीन दिवस किल्ल्यात रुसून बसला असं बखरकाराने लिहिलंय (बखरकार त्याच्याच दरबारचा, त्यामुळे मीठ घालून वाचा). सभा वरमली आणि बिशपांचे किल्ले व जास्तीचं उत्पन्न राजाकडे गेलं. सरदारांना त्यांच्या पूर्वजांनी १४५४ नंतर चर्चला दिलेली जमीन परत मिळाली. सरदार गप्प का राहिले ते कळलं असेल.

खरी गंमत १५३१ ची. कर्ज फेडायला राजाने फर्मान काढलं की प्रत्येक चर्चने एक घंटा द्यायची. डालार्नाचे शेतकरी, ज्यांनी त्याला राजा केलं तेच, बिथरले. लॅटिनमधली मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) गेली ते ऐकून घेतलं असेल, पण घंटा? ती त्यांच्या आज्यापणज्यांनी वर्गणी काढून ओतून घेतलेली. हिवाळ्यात वादळात त्याच आवाजावर माणूस घरी पोचतो. उठाव झाला, राजाने दोन वर्षांनी पुढाऱ्यांची डोकी उडवली. घंटा वितळल्या त्या वितळल्याच.

तिसवाडीकर

गोंयहून देव बरें करूं.

थेम्सकाठींच्या मुद्द्याला आमच्याकडून जोड देतो. ३ नोव्हेंबर १५३४ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी लंडनमध्ये पार्लमेंटचं ते अधिवेशन बसलं ज्यात हेन्री चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला. आणि त्याच दिवशी रोममध्ये पोप तिसऱ्या पॉलने गोव्याच्या धर्मपीठाचं फर्मान काढलं, आणि गोव्याचा बिशप सुचवायचा हक्क पोर्तुगालच्या राजाला दिला. एका राजाने जे हिसकावून घेतलं ते दुसऱ्याला ताटात वाढून मिळालं. यालाच पाद्रोआदो म्हणतात. राजाने चर्चं बांधायची, पाद्र्यांचा खर्च करायचा, बदल्यात नेमणुका राजाच्या. मग पोर्तुगाल कशाला भांडेल?

आणि भांडायची वेळ आली तेव्हाही भांडले नाहीत! १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून सुटला. स्पेनच्या दबावाखाली पोपने नव्या राजाला मान्यता दिली नाही, त्याचे बिशप मंजूर केले नाहीत. १६६८ मध्ये स्पेनने तह करेपर्यंत असंच. गोव्याच्या आर्चबिशपची गादी १६५२ पासून जवळपास दोन दशकं रिकामी. हेन्री सहा-सात वर्षांत कंटाळला, हे अठ्ठावीस वर्षं उंबरा झिजवत राहिले. का? माझ्या मते, पूर्वेकडचा सगळा दावाच पोपच्या जुन्या फर्मानांवर उभा होता. पोपला नाकारलं तर पाद्रोआदोही गेला. बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

अवांतर, पण मठांचं वाचून राहवलं नाही. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा मनोरा आहे ना, जांभ्या दगडाचा, अर्धा कोसळलेला? तो मठही राजसत्तेनेच रिकामा केला. १८३४ मध्ये लिस्बनने सगळे मठ खालसा केले, पुढच्या वर्षी हुकूम इथे पोचला. छत १८४२ मध्ये पडलं. रोमशी संबंध काही वर्षं तुटले होते खरे, पण देश कॅथलिकच राहिला. नानांची खतावणी इथे मात्र चोख लागू.

वसईची_बावखल

तिसवाडीकर, पाद्रोआदो म्हटलं की आमच्याकडे जुनी माणसं अजून उसासा टाकतात. १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं काढलं, प्रोपागांदा फिदे (आजचा 'प्रोपगंडा' शब्द तिथलाच). त्याचे पाद्री आणि पोर्तुगीज राजाचे पाद्री यांची मुंबईत दोन शतकं जुंपली. आणि सुरुवात कुणी केली? १७२० मध्ये इंग्रज गव्हर्नर बून याने पोर्तुगीज पाद्री हाकलले आणि प्रोपागांदावाले कार्मेलाइट पंथाचे पाद्री बोलावले. म्हणजे ज्या हेन्रीने पोपला घालवलं त्याच्या वारसांचा नोकर मुंबईच्या कॅथलिकांचा बिशप कोण ते ठरवतोय, आणि पोपची बाजू घेतोय! १९२८ मध्ये तोडगा निघाला तोही कसा, मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. पहिले लिमा, मग रॉबर्ट्स. आमच्या आजोबांना दोघांचंही नाव तोंडपाठ होतं.

शंकेखोर

सगळं राजा-पोप, राजा-पोप. प्रजेला काय वाटलं ते वाऱ्यांनी घंटांचं लिहिलं तेवढंच. इंग्लंडमध्ये लोक गप्प बसले?

थेम्सकाठी

नाही. १५३६ च्या ऑक्टोबरात उत्तरेत तीसेक हजार माणसं उठली, ख्रिस्ताच्या पाच जखमांचा झेंडा घेऊन. हेन्रीने गोड बोलून घरी पाठवलं आणि पुढच्या वर्षी पुढारी रॉबर्ट आस्कला यॉर्कमध्ये लटकवलं.

आणि हेन्री प्रॉटेस्टंट झाला असं समजू नका. १५३९ च्या कायद्यात मिस्सा तीच, पाद्र्यांचं ब्रह्मचर्य तेच, आणि मिस्सेतली भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर हे नाकारलं तर सरण. ३० जुलै १५४० ला लंडनच्या स्मिथफील्डला सहा जणांना नेलं. तीन प्रॉटेस्टंट, पाखंडी म्हणून जाळायला. तीन कॅथलिक, पोपला मानतात म्हणजे राजद्रोही, म्हणून फाडायला. तीन फरपट्या (घोड्यामागे फरफटत न्यायच्या चौकटी), प्रत्येकीवर एक याचा आणि एक त्याचा शेजारी शेजारी बांधलेला. धर्म कुठला याच्याशी राजाला घेणंदेणं नव्हतं, शेवटचा शब्द माझा एवढंच होतं.

नाना_खतावणी

बरं, माझी शेवटची नोंद. हेन्रीनंतर मुलगा सहा वर्षं, मग कॅथरीनची मेरी आली, कट्टर कॅथलिक. १५५४ मध्ये पोपशी समेट झाला. मिस्सा परत आली, पोप परत आला. मठांच्या जमिनी? त्या तोवर सरदार-जमीनदारांनी विकत घेतल्या होत्या. पोपच्या प्रतिनिधीला लिहून द्यावं लागलं की ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे राहू दे, तेव्हा कुठे पार्लमेंट बधलं. पैसा कारण नसेल थेम्सराव, पण परतीच्या वाटेवरचा धोंडा तोच.

मुक्ता१९

नाना, टाळ्या.

थेम्सकाठी

नाना, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आज दुपारी जाऊन आलो. पाऊस होता, डबा छत्रीखाली खाल्ला. शेजारच्या फोर्बरी बागेत पहिल्या हेन्रीच्या नावाने मोठा दगडी क्रॉस आहे, त्याच्या पायथ्याशी मी कित्येकदा फोनवर बोलत उभा राहिलोय. वेदीची जागा आता उघड्यावर आहे. कबर नेमकी कुठे ते आज कुणालाच सांगता येत नाही. भिंतीच्या गारगोट्यांतून पाणी गळत होतं. एका कोपऱ्यात, खाली पायाशी, घडीव दगडाची एक ओळ शिल्लक आहे, बहुतेक कुणाला उचकटता आली नसावी. लेकीसाठी फोटो काढलाय.

उत्तरेचा_वारा

फोटो इथेही टाका की. आणि स्कॉटलंडचं कोणी लिहिणार का? तिथे १५६० मध्ये पार्लमेंटने पोपला घालवलं तेव्हा राणी कॅथलिक होती आणि फ्रान्समध्ये होती. म्हणजे राजसत्तेच्या डोक्यावरून फारकत.

थेम्सकाठी

त्याला वेगळा धागा लागेल. काढा तुम्ही, मी येतो भांडायला.